सुलूचं उत्तर

पहाटे पालघरपर्यंत सायकल मारून आलेली सुलू एडवणच्या वाडीत, अंगणात बसून साखळीला तेल देत होती. तेवढ्यात पाम गावचे कमलाकांत ओटीवर येऊन बसले. सुलूच्या थोरल्या बहिणीचे, हंसाचे, ते सासरे. हंसा भाजून गेली त्याला जेमतेम सहा महिने झाले होते.

चहा पिता पिता त्यांनी सुलूच्या बापाजवळ, रामनाथांजवळ, विषय काढला. "रामनाथ, झालं ते झालं. आमच्या प्रतापला आता सुलू द्या. या खेपेला आमाला स्कूटर नको, काय नको. सायकलीचा नाद तेवढा सोडायचा."

रामनाथ मान खाली घालून बसले. 'स्टो भडकला' या जबाबावर त्यांनीच सही केली होती. हंसा मात्र इस्पितळात सुलूच्या कानाशी बोलली होती, "यांनी काडी लावली. सासऱ्यांनी भायेरनं कडी घातली." सुलूनं ते त्याच दिवशी बापाला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता, "गप ऱ्हा. तुझं लगीन व्हायचं हाय."

सुलूनं तेलाचे हात पुसले. "शर्यत होऊ द्या, काका. मग सगळ्यांसमोर उत्तर देते."

कमलाकांत खूश झाले. पालघर-बोईसर शर्यतीचा कप प्रमुख पाहुणे म्हणून त्यांच्याच हस्ते द्यायचा होता.

पुण्याच्या ट्रॅकवर सुलूनं राज्याचं कांस्यपदक मिळवलं होतं. एरवी ती पदकासाठी शर्यतीत उतरे. या खेपेला तिला माइक हवा होता. शर्यतीत उमरोळीपर्यंत ती दोघींच्या मागे वारा चुकवत राहिली. बोईसरची वस्ती दिसताच ती सीटवरून उठली आणि दोघींना मागे टाकून एकटीच मैदानात शिरली.

कमलाकांतांनी हसत कप पुढे केला. सुलूनं हात मागे बांधले आणि माइकजवळ तोंड नेलं.

"माझी भैन जळत होती तवा या हातांनी कडी घातली. यांच्या हातचा कप मला नको. स्कूटर दिली नाय म्हणून प्रतापनं हंसाला पेटवली. आता त्याच घरात मला मागतायत. हे माझं उत्तर!"

"पोरीचं डोकं फिरलंय! माइक बंद करा!" कमलाकांत ओरडले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. सुलू तो डोळे भरून पाहत राहिली. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

गर्दीतून रामनाथ उठले. "बंद करू नका. पोर खरं बोलते."

बापलेक तसेच पोलीस ठाण्यात गेले. सुलूच्या अंगावर शर्यतीचीच जर्सी होती. फौजदारानं जबाब लिहून घेतला. प्रताप आणि कमलाकांत यांना आणायला जीप सुटली. मग त्यानं लेखणी थांबवून रामनाथांना विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

रामनाथांनी लेकीकडे पाहिलं. तिनं नजर वळवली नाही.

"लिहा, साहेब," सुलू म्हणाली. "बापाला पयल्या दिवसापासून ठाऊक होतं, तेपण लिहा."