वाटीभर गुळाचा शिरा

घरात हातमाग होता त्या काळातली एक गोष्ट अनुसयाबाईंनी सक्करदरा वस्तीतल्या प्रत्येक शेजारणीला किमान तीनदा तरी ऐकवली होती. "माहा पंकज झाला तवा साडेचार किलोचा होता! अख्खी गल्ली पाहाले आली!" तो पोटात असताना सासूबाई माग थांबवून उठायच्या आणि रोज वाटीभर गुळाचा शिरा करून द्यायच्या. तो वास अनुसयाबाईंना अजून आठवायचा. माग गेला, सासूबाई गेल्या. पितळी वाटी मात्र त्यांनी जपून ठेवली होती.

आता त्याच वाटीतून सुनेला, ऋतुजाला, शिरा मिळत होता. गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यात दवाखान्यात तिला ग्लुकोजचं पाणी पाजलं, दोन तासांनी रक्त तपासलं, आणि साखर वाढलेली निघाली! डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. अनुसयाबाईंनी घरातली साखर तडकाफडकी बंद केली आणि गूळ दुप्पट केला.

दोन आठवड्यांनी साखर आणखीच वर. डॉक्टर म्हणाल्या, आता इन्सुलिन घ्यावं लागेल. वस्तीतल्या आशा आरोग्यसेविका इंदूबाई चौकशीला आल्या तेव्हा ऋतुजा डोळे पुसत बसली होती.

"काय खाऊ घालून राहिल्या तिले?"

"गुळाचा शिरा. गुळानं काय होते? अन् शुगर तर म्हाताऱ्यायचा रोग!"

"गुळाचीही रक्तात साखरच होते, अनुसयाबाई. ती वाढली का लेकरू अंगानं लय वाढते, बाळंतपण अडते. कधी कधी लेकरू दगावतेही."

अनुसयाबाईंनी शिऱ्याची वाटी ऋतुजासमोरून उचलली. पंकजच्या आधीची गोष्ट त्यांनी कधीच कुणाला सांगितली नव्हती.

"पहिली पोरगी होती मले. पाच किलोची. रडलीच नाही. सारे म्हणले, तू ग्रहणात भाजी चिरली. पस्तीस वर्षं झाले, मी सोताले दोष देऊन राहिली."

इंदूबाईंनी त्यांचा हात धरला. "ग्रहणानं तसं होत नाही वं. साखरेनं झालं का कशानं, आता कोण सांगणार? तवा कोणी तपासलंच नाही. हिची तर तपासली ना!"

त्या घरातल्या डोहाळजेवणाला पहिल्यांदाच शिरा झाला नाही. मुगाची धिरडी झाली, मेथी झाली, ज्वारीची भाकर झाली. ऋतुजा इन्सुलिनची सुई टोचून घ्यायची तेव्हा अनुसयाबाई शेजारी बसायच्या आणि जेवणानंतर तिला घेऊन वस्तीतल्या तलावाकाठी चकरा मारायच्या.

मुलगी झाली. तीन किलोची. शेजारच्या बायजाबाईंनी नाक मुरडलं, "एवढीशीच काहून वं?"

अनुसयाबाईंचे डोळे भरून आले. "रडली ना पण! अख्ख्या दवाखान्यानं आयकलं!"

दीड महिन्याने ऋतुजाची साखर पुन्हा तपासायला त्याच तिला घेऊन गेल्या.

वाचकहो, जुन्या वाटीतली माया खरीच असते, ती टाकायची नाही. पण घरात कुणाला दिवस गेले, की आधी रक्तातली साखर तपासा; वाटीत काय वाढायचं ते मग ठरवा!