आत्याची कवळी

आत्याचे पुढचे चार दात नव्हते. कवळी होती, आणि 'स' म्हणताना तिच्यातून शिट्टी वाजायची. ती दवाखान्याच्या काउंटरवर बसून नंबर पुकारायची. सहा, सात, सोळा आले की बाकावरचे पेशंट माना खाली घालून हसू दाबायचे. कॉलेजच्या लेखनवर्गात विनोदी लेख लिहायला सांगितला, तेव्हा मला विषय शोधावाच लागला नाही.

पहिल्या खर्ड्यात मी सगळं लिहिलं होतं. चार वर्षांची असताना मी जिन्यावरून घसरले, मला धरायला आत्या झेपावली आणि कठड्यावर तोंडघशी आपटली. मला खरचटलंसुद्धा नाही.

सरांनी त्या परिच्छेदावर काट मारली. "इथे दया येते. दया आली की हसू मेलं. पुन्हा लिही, आणि हात आखडू नकोस."

मी तीनदा लिहिला. दर वेळी आत्या कमी होत गेली, शिट्टी वाढत गेली. शेवटी शेवटी तर शिट्टी ऐकून गल्लीतली कुत्री तिच्यामागे धावत होती. ते धादांत खोटं होतं, पण तिथे सर पहिल्यांदा खदखदून हसले.

वाचनाच्या कार्यक्रमाला आत्या रजा टाकून आली. पहिल्या रांगेत बसली. लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली. सुरुवातीला तीही हसली, मग तिने तोंडावर हात धरला. कुत्री आली तेव्हा मी मुद्दाम थांबले. टाळ्यांना जागा ठेवायची, हे सरांनीच शिकवलं होतं.

बसस्टॉपवर ती म्हणाली, "जिना नाही आला त्यात?"

"त्यानं हसू अडत होतं."

"बरं. खणखणीत वाचलं हो पोरी."

घरी पोचल्यावर माझ्या लक्षात आलं, वाटभर ती बोलली, पण एकदाही 'स' उच्चारला नाही.

लेख कॉलेजच्या अंकात छापून आला. कंपाउंडरने ते पान काउंटरमागच्या भिंतीला चिकटवलं. पेशंट विचारायचे, "बाई, डॉक्टर कितीला येतात?" उत्तर होतं साडेसहा. ते कान टवकारून थांबायचे. महिन्याभरात आत्याने स्वतःहून जुन्या फायलींच्या खोलीत बदली मागून घेतली. तिथे बोलायला कुणी नसतं.

मी त्यावरही लिहिलं. एक बाई 'स' टाळून दिवस कसा काढते. सरांनी दोनदा वाचलं.

"आता तुला जमायला लागलं," ते म्हणाले. "घरी आणखी कोण कोण असतं?"

मी खुर्ची पुढे ओढली आणि बाबांबद्दल सांगायला लागले.