वाफ

रविवार म्हणजे योगिनीच्या स्वयंपाकघराला उसंत नसे. घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतल्या त्या दोन खोल्यांत सकाळीच खोबरं-कांदा भाजल्याचा वास सुटायचा. हेरंबचं कंपनीतलं काम सुटल्यापासून घर तिच्या मटणाच्या रश्श्यावर चालत होतं. ती रांधायची, सासूबाई प्रेमलाबाई भाकऱ्या थापायच्या आणि हेरंब मोबाईलवर जेवणाच्या ॲपच्या ऑर्डरी सांभाळायचा.

"नदीपलीकडून, अकोट्याची ऑर्डर आलीय. अर्ध्या तासात हवीय," तो म्हणाला.

"पहिलं मटण संपलं. दुसरं आत्ता कुकरला चढवलंय. नाही म्हणा."

"नाही म्हटलं की आपण यादीत तळाला जातो. मग दिवसभर कोणी विचारत नाही."

"मटणाला ते कुठं कळतं रे?" प्रेमलाबाई पुटपुटल्या. पण हेरंबने ऑर्डर घेऊनही टाकली होती.

थोड्या वेळाने फोन वाजला. हेरंबने तो स्पीकरवर टाकला. "बेन, हजु केटली वार? अजून किती वेळ?" अकोट्याच्या गुजराती बाईचा आवाज वैतागलेला होता. "घरात पाहुणे बसलेत. ॲपवर तर तयार होतंय असंच दिसतंय कधीचं."

"बस, निकळ्यूंच समजा," हेरंब म्हणाला. डिलिव्हरीवाला दारात येऊन उभा होता. तोही घड्याळाकडे बघत होता.

"शिटी उचल आणि वाफ काढ," हेरंब म्हणाला.

योगिनीने झाऱ्याने शिटी उचलली. फुसफुस थांबल्यासारखी वाटली. तिने झाकणाला हिसका दिला. आत दाब होताच. झाकण उडालं आणि उकळता रस्सा तिच्या दोन्ही हातांवर, गळ्यावर आला. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती खाली बसली. प्रेमलाबाई पाण्याची बादली घेऊन धावल्या.

दवाखान्यात जाताना रिक्षात फोन वाजतच होता. आईने दोनदा सांगितलं तरी हेरंबला तो बंद करवेना. संध्याकाळी ॲपवर त्या बाईचा अभिप्राय आला: 'जेवण आलंच नाही. अत्यंत बेजबाबदार.' त्याने माफी लिहून पाठवली. कारण लिहिलं, तांत्रिक अडचण.

"तांत्रिक?" पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून योगिनीने विचारलं.

तिसऱ्या दिवशी तोच आवाज पुन्हा फोनवर आला. "मी उत्कर्षाबेन, अकोट्याहून. तुमचं किचन बंद दाखवतंय. रविवारी चालू होणार ना? तुमच्यासारखा रस्सा कुठे मिळत नाही."

हेरंब उत्तर जुळवू लागला. "इकडे धरा," योगिनी म्हणाली. त्याने फोन तिच्या कानाशी धरला आणि तिने घडलं ते सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही.

"बेन, आम्हाला काय माहीत. मी ते लिहिलेलं काढून टाकते."

"राहू द्या. जेवण आलं नव्हतं, हे खरंच आहे. हात बरे झाले की करीन. पण आदल्या दिवशी सांगावं लागेल. ॲपवर मी नसेन."

"आदल्या दिवशी कोणाला ठाऊक असतं, उद्या काय खावंसं वाटेल?" उत्कर्षाबेन सहज बोलून गेल्या. मग गडबडून त्यांनी फोन ठेवला.

हेरंबचा चेहरा उतरला. "घर कसं चालेल?"

"ते मलाही ठाऊक नाही," योगिनी म्हणाली. "पण आता घाई मी करणार नाही."

पुढच्या रविवारी अकोट्यातल्या त्या घरी जेवण अर्ध्या तासाच्या आत आलं, गरमागरम. दुसऱ्या कोणत्या तरी घरातून. तिथे कोण रांधत होतं, हे उत्कर्षाबेननी विचारलं नाही. आपण तरी कधी विचारतो?