कोरडा कान

आत्याने गुंडीचं डोकं छातीशी घट्ट धरलं, दुसऱ्या हाताने तिचे दोन्ही हात अडवले आणि डावा कान दिव्याकडे वळवला. डॉक्टरांनी कानाची पाळी हलकेच ओढून आत पाहिलं. गुंडी किंचाळली. आत्याने पकड सैल केली नाही. सैल केली की सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं, हे तिला आता सवयीने ठाऊक झालं होतं.

"पडदा पुन्हा फुटलाय," डॉक्टर म्हणाले. "पू बाहेर आला, म्हणून एकदम रडायची थांबली असेल."

"हो ना. आम्हाला वाटलं, उतार पडला," भावजय म्हणाली.

डॉक्टरांनी कापसाच्या वातीने कान टिपला. "भरून येईल. पण सारखं सारखं असं होणं बरं नाही, पुढे ऐकण्यावर परिणाम होतो. कानात तेल घालायचं नाही, काडी घालायची नाही, आंघोळीचं पाणी जाऊ द्यायचं नाही. घरात सिगारेट कोण ओढतं?"

"कुणीच नाही."

"दूध बाटलीने पाजता ना? आडवं निजवून?"

"छे! ताई मांडीवर घेऊनच पाजतात."

"तसंच पाजायचं. डोकं वर हवं. आडव्या मुलाचं दूध घशामागून कानाच्या नळीत शिरतं. आणि बाटलीला टेकू देऊन मूल एकटं सोडायचं तर मुळीच नाही."

आत्याने भावाकडे पाहिलं. तो भिंतीवरचं लसींचं पत्रक वाचत उभा होता. मागच्या खेपेलाही त्याने तेच वाचलं होतं.

गुंडी हे नाव आत्याने ठेवलेलं. मुलगी जन्मली तेव्हा इतकी गोल आणि एवढीशी होती, की पडदे शिवायच्या दुकानात जन्म काढलेल्या बाईला दुसरं काही सुचलं नाही. भावाने तेव्हाच गळ घातली होती. "परक्या बाईच्या हातात देण्यापेक्षा तूच ये ना ताई. तुला तरी तिथे कोण आहे?" तिने दुकान सोडलं, खोली सोडली, मशीन विकलं आणि एक पेटी घेऊन भावाच्या घरातल्या लहान खोलीत राहायला आली. आता तिला तेवढं एकच घर होतं.

भावजय रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. उपाशीपोटी येणाऱ्यांचे नमुने घ्यायचे, म्हणून ती सगळ्यांच्या आधी घराबाहेर पडायची. सकाळची पहिली बाटली भावाकडे असायची, बाकीचा दिवस आत्याकडे. कान ठणकायला लागला की आत्या गुंडीला खांद्यावर उभी धरायची आणि दुखरा कान आपल्या मानेच्या उबेला लावून ठेवायची. डॉक्टरांनी दिलेलं औषध पोटात गेलं, तरी ते लागू पडेपर्यंतचा वेळ कुणीतरी काढावाच लागतो. तो ती काढायची, खोलीच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत चालत.

भाऊ मात्र टॉवेलची गुंडाळी करायचा, तिच्यावर बाटली टेकवायचा आणि मुलीशेजारी पुन्हा डोळे मिटायचा.

"अरे, उचल तिला. बाप आहेस की भाडेकरू?"

"दोनच मिनिटं, ताई. बघ, स्वतःच धरतेय. उद्या तुला कमावून घालेल."

त्यावर आत्याला हसू यायचं. ती गुंडीला उचलून घ्यायची आणि तिथेच विषय संपायचा. भावजयीच्या कानावर तिने हे कधी घातलं नाही. लहानपणी त्याने फोडलेली कपबशीसुद्धा तिने आईला कधी सांगितली नव्हती.

दवाखान्यातून आल्यावर काही दिवस भाऊ उठून, गुंडीला मांडीवर घेऊन बसला. मग एकदा त्याला उठायला उशीर झाला. दाढी व्हायची होती, आत्या आंघोळीला गेली होती, गुंडी भुकेने रडत होती. त्याने तिला आत्याच्या पलंगावर निजवलं, टॉवेलची गुंडाळी केली, बाटली टेकवली.

भावजय ओळखपत्र विसरली होती म्हणून अर्ध्या वाटेतून परत आली. आत्या न्हाणीघरातून बाहेर पडली, तेव्हा ती त्या पलंगाशी उभी होती. गुंडीच्या हनुवटीवरून दुधाचा ओघळ थेट कानामागे गेला होता.

"ताई, हे काय?"

"मी आत्ता येतेय बाहेर. मी नाही..." आत्या थांबली. भाऊ दारात आला होता. एका पायात बूट होता, दुसरा हातात.

"असू दे गं," तो बायकोला म्हणाला. "दिवसभर ताईने तरी किती पुरं पडायचं? होतं एखाद वेळेस."

हे त्याने इतक्या समजूतदार आवाजात म्हटलं, की खोटं नेमकं कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता आलं नसतं.

"एखाद वेळेस? डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं! आणि मी तिथे काय म्हणाले? ताई मांडीवर घेऊन पाजतात."

आत्याने भावाकडे पाहिलं. ती भावाला वेळ देत होती. त्याने बूट घातला, नाडी बांधली, सुटलेली दुसरी नाडीही बांधली.

संध्याकाळी भाजी निवडताना तिने पुन्हा विषय काढला. "सकाळचं ते मी केलं नव्हतं."

"मग कोणी केलं?" भावजय म्हणाली. "हे तर निघायच्या घाईत होते. तुमच्याच पलंगावर होती ना ती?" आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर आत्यालाही चढवता आला असता. भाऊ बाहेरच्या खोलीत गुंडीला खेळवत होता आणि आतलं सगळं त्याला ऐकू जात होतं. आत्याने त्याचं नाव घेतलं नाही. तो उठून येईल असं तिला वाटत होतं.

जा, असं तिला कुणी म्हटलं नाही. पाळणाघर ठरलं. "तुम्हालाही जरा आराम, ताई," भावजय म्हणाली. मग त्या लहान खोलीत कपाट हलवायची गोष्ट निघाली. पुढचं आत्याला कळत होतं.

जिन्यावर भावाने तिची पेटी उचलली. मधल्या वळणावर ती म्हणाली, "सांगितलं नाहीस."

"सांगतो गं. आत्ता ती तापलेली आहे. मुलीचा कान जरा बरा होऊ दे, मग सांगतो."

जुन्या दुकानाने तिला परत घेतलं. मशीन आता मालकाचं होतं आणि झोपायला बायकांच्या वसतिगृहात एक खाट मिळाली. रविवारी ती गुंडीला बघायला जायची, पाहुण्यासारखी बाहेरच्या खोलीत बसायची.

मुलीचा कान बरा झाला. आधी वाहायचा थांबला, मग पडदा भरून आला.

"खरंच सांगते, ताई, तुम्ही गेल्यापासून एकदाही कान फुटला नाही," भावजय एका रविवारी म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, लॅबमधला अहवाल वाचून दाखवावा तसं ती बोलत होती. "पाळणाघरात सारख्या सर्द्या. डॉक्टरांना तीच धास्ती होती. तरी बघा, कोरडा ठणठणीत."

"चांगलं झालं," आत्या म्हणाली.

भाऊ समोरच बसला होता. गुंडी त्याच्या मांडीवर, डोकं वर, मानेखाली त्याचा हात आणि बाटली तिरकी. आत्याने शिकवलं होतं अगदी तसं. बाटली संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही. आत्याने हात पुढे केले तेव्हा गुंडीने तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि बापाच्या सदऱ्यात तोंड लपवलं.

"विसरली की काय तुला!" भाऊ हसून म्हणाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुकानात तिचा फोन वाजला. ती एका लांबलचक पडद्याची खालची पट्टी दुमडत होती.

"ताई, या रविवारी नका येऊ," भावजय म्हणाली. "गुंडीला ताप आहे."

आत्याचा पाय मशीनवरून खाली आला. ती ताठ बसली. आता तर बाटली तिच्या हातात नव्हती.

"कान ना? वाहतोय का?"

"नाही हो..."

"नीट बघितलंस? उशीवर डाग असेल बघ. डावाच असणार."

"नाही, ताई. काल लस दिली, तिचा ताप आहे. आत्ताच दाखवून आणलं, कान अगदी छान आहे म्हणाले."



"अच्छा," आत्या म्हणाली आणि फोन पालथा ठेवला.

शेजारच्या मशीनवरच्या बाईने दोरा दाताने तोडला. "काय गं, भाची बरी नाही का?"

"बरी आहे. कानाला काही झालेलं नाही."

"मग तुझं तोंड का एवढं पडलं?"