गुरुजींचं कोण खोडणार?

मी एक बटण बोलतंय. शर्टाचं नव्हे, मोबाइलच्या पडद्यावरचं. पानाच्या कोपऱ्यात 'बदल करा' असं लिहिलेलं असतं ना, ते मी.

देवपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल असलेल्या मोनालीनं पांझरा नदीकाठच्या गावांचा विकी उभा केला, तेव्हा माझा जन्म झाला. विकी म्हणजे कुणीही वाचावं, कुणीही लिहावं, चुकलेलं कुणीही सुधारावं अशी जागा. वाचायला गाव लोटलं. लिहायला आले एकटे सुकदेव गुरुजी. निवृत्त माणूस, एका बोटानं टाइप करायचे. पण देवळं, विहिरी, रानभाज्या, कशाकशावर चाळीस पानं लिहिली. माझा तर त्यांच्यावर जीवच जडला.

एका पानावर मात्र ते चुकले. आमच्याकडे बंधाऱ्याचं पाणी पाटानं फडाफडाला जातं. फड म्हणजे एकत्र भिजणाऱ्या शेतांचा गट. गुरुजींनी लिहिलं, पाण्याची पाळी वरच्या फडापासून सुरू होते. गावाची रीत उलटी: आधी शेवटच्या फडाला, म्हणजे टोकाचा माणूस कोरडा राहत नाही.

गावाला हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. लोक टपरीवर पान उघडायचे, गालात हसायचे अन् मोबाइल खिशात टाकायचे. गुरुजींनी तीन पिढ्यांच्या वह्या तपासलेल्या. त्यांचं लिहिलेलं कोण खोडणार? मला भारी राग यायचा, पण बटणाला विचारतो कोण.

यंदा बंधारा दुरुस्त झाला. पाणी सोडणारा जुना पाटकरी वारलेला, म्हणून पाणीवाटपाच्या नव्या कमिटीनं माझंच पान छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलं. सोमवारपासून त्याप्रमाणे पाळी. शेवटच्या फडात मोनालीच्या सासूचा, भिकुबाईचा हरभरा फुलावर आलेला. वरून सुरुवात झाली तर तिथं पाणी पोचायला पंधरा दिवस, तोवर तो गेलाच.

रीत तुम्हालाच ठाऊक, तुम्हीच सुधारा, म्हणत मोनालीनं मोबाइल सासूच्या हातात दिला. बोट माझ्यापर्यंत आलं अन् मागे गेलं.

"गुरुजीस्नी लिखेल शे. ते खोडनारी मी कोन?"

पण बाई खमकी. सुनेला घेऊन सरळ गुरुजींच्या ओट्यावर जाऊन बसली.

"गुरुजी, पानी पहिले शेवटना फडले जास. मना सासरा पाटकरी व्हता."

गुरुजींचा चेहरा उतरला. "माले कोनीज का सांगं नही?"

"तुम्ही गुरुजी ना," भिकुबाई म्हणाली.

त्यांनी आपल्या मोबाइलवर ते पान उघडलं. मग मोबाइल तिच्या पुढ्यात सरकवला. "अक्का, मी चुकनू. तुम्हीज खोडा."

तिनं मला दाबलं. ती सांगत गेली, मोनाली लिहीत गेली. लिहिणाऱ्यांच्या यादीत गुरुजींनी तिचं नाव आपल्या नावाच्या वर घातलं. भिंतीवरचा कागद बदलला अन् सोमवारी पाणी आधी टोकाला गेलं.

हल्ली दर रविवारी गुरुजी टपरीवर बसतात अन् येणाऱ्याला विचारतात, "मनं काय चुकनं, सांगा." पहिल्या रविवारी सगळे लाजले. परवा सात जण बोलले, त्यातले तिघे स्वतः लिहायला बसले. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तुमच्याही गावाचं पान कुठंतरी उघडं असेल, त्यातली चूक तुम्हाला दिसलीही असेल. हसून पुढं जाऊ नका, मला दाबा. कुणाचा हरभरा पाण्याची वाट बघत उभा असेल, सांगता येत नाही.