बर्फाच्या जागी मी

मी फरशी बोलतेय. फरशी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर एखादं चकचकीत स्वयंपाकघर आलं असेल, तर ते पुसून टाका. गोंदियाहून कामठ्याकडे जाताना एक राईस मिल लागते, तिच्या मागची सलग सिमेंटची फरशी म्हणजे मी. वाफवलेलं धान माझ्यावर पसरायचं, उन्हाने ते वाळवायचं आणि बायकांनी पायांनी उलथंपालथं करायचं, एवढ्यासाठी माझा जन्म झाला.

जन्माची तारीख माझ्या अंगावरच आहे. सिमेंट ओलं असताना बिसराम मिस्त्रीने कोपऱ्यात काडीने लिहिली : ११-२-८९. स्वतःचं नाव लिहिण्याचं धाडस त्याला झालं नाही. नावावरून शेठजी रागावले असते. तारखेवरून कोण कशाला रागावेल, असं त्या भल्या माणसाला वाटलं असणार.

तीस-बत्तीस वर्षं मी धान वाळवलं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. धान ओलं यायचं, कोरडं जायचं. मग एक दिवस मिलचे मुनीम भैयाजी आपल्या नातीला घेऊन माझ्यावर आले. नातीचं नाव रुची. जवळच्या कुडव्याला राहायची, तिच्या आईबरोबर. वडील नागपूरला नोकरीला. पायात चाकांचे बूट होते आणि ती माझ्यावरून अशी गेली की मला पहिल्यांदाच कळलं, आपण गुळगुळीत आहोत.

शहरात स्वप्निल सर नावाचे एक गृहस्थ मुलांना स्केटिंग शिकवत. त्यांनी भैयाजींना सांगितलं, या मुलीचं अंग फिगर स्केटिंगचं आहे. म्हणजे बर्फावर, संगीताच्या तालावर गिरक्या आणि उड्या. भैयाजींनी विचारलं, बर्फ कुठे आहे? सर म्हणाले, उत्तरेत आहे, रेल्वेने एक दिवस आणि एक रात्र. तोवर चाकांवर सराव करू. उन्हाळ्यात पंधरा दिवस तिकडे शिबिराला नेऊ, भाड्याच्या बुटांवर. बाकी साडेअकरा महिने बर्फाच्या जागी मी.

एवढी मोठी बदली मिळाली, पण मला कोणी विचारलं नाही. फरशीला विचारण्याची पद्धत नाही.

स्पर्धेची नियमावली आली, तेव्हा भैयाजींना दुसरं तारुण्य आलं. आयुष्यभर मिलच्या फाटकाची, आल्यागेल्या मालाची वही सांभाळलेला माणूस. नियम दिसला की त्याच्या चेहऱ्यावर तेज यायचं. रुची वाचून अर्थ सांगायची, ते ऐकायचे. बर्फावरच्या सरावाचे नियम तर त्यांना पाठच झाले. सराव गटागटाने होतो. एका गटाला ठरलेली वेळ. प्रत्येकाचं संगीत एकदाच वाजतं, आणि ज्याचं वाजत असेल त्याला बाकीच्यांनी वाट द्यायची. शिट्टी झाली की बर्फावरून उतरायचं. वेळ चुकवली तर ती पुन्हा मिळत नाही.

हे सगळं त्यांनी मला लागू केलं. चार वाजेपर्यंत धानाचा गट. पाचपासून रुचीचा, वीस वीस मिनिटांचे तीन भाग, प्रत्येक भाग संपला की भैयाजींची शिट्टी. मधे दहा मिनिटं बर्फ गुळगुळीत करण्यासाठी. तिकडे म्हणे त्यासाठी यंत्र फिरतं. इथे भैयाजी खराटा घेऊन फिरायचे. चुन्याने त्यांनी मैदानाची हद्द आखली. खरं मैदान माझ्या दुप्पट असतं, म्हणून अर्धंच आखलं आणि उरलेलं रुचीने मनात धरायचं असं ठरलं. चौकीदाराचं कुत्रं संगीत चालू असताना मधे आलं, तर त्यालाही वाट देण्याचा नियम समजावून सांगत. कुत्र्याने तो कधी मोडला नाही. संगीत लागलं की ते पळूनच जायचं.

धान उलथणाऱ्या सावित्रीबाई घरी जाताना थांबून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "मुनीमजी, पोरगी चाकावर गोल फिरते, आमी पायानं फिरतो. आमची पन कुठी स्पर्धा हाये का?"

भैयाजी गंभीरपणे म्हणाले, "तुमचं वय बसत नाई, बाई."

बघा, नियम त्यांना किती पाठ होते.

वयाचा नियमही माहीत होता. रुचीच्या गटात एक जुलैच्या आधी तेरा वर्षं पूर्ण झालेली नसावीत. त्याच्या वरच्या गटात जायचं, तर बर्फावरच्या परीक्षा पास झाल्याचा दाखला लागतो. तो रुचीजवळ नव्हता, आणि पंधरा दिवसांच्या शिबिरात मिळण्यासारखाही नव्हता. म्हणजे हेच वर्ष होतं. भैयाजींनी बोटांवर मोजलं आणि सांगितलं, रुची बारा वर्षांची आहे, बसते. त्यांची मोजणी कोणी तपासली नाही. फाटकाची वही चाळीस वर्षं चोख ठेवलेल्या माणसाची मोजणी कोण तपासणार? फॉर्म स्वप्निल सरांनी भरला. आधार कार्डावरची तारीख उतरवली आणि पुढच्या रकान्याकडे गेले.

एक दोष माझा. मधोमध माझ्या अंगात एक तडा आहे, हातभर लांब. भैयाजींनी तो दोनदा सिमेंटने बुजवला, दोन्ही वेळा वाफाळत्या धानाने उकलला. एकदा रुचीचं चाक अडकून ती गुडघ्यावर आपटली. तेव्हापासून तिथे आली की ती डावा खांदा किंचित झुकवून वळसा घ्यायची. पुढे पुढे तो वळसा तिच्या नाचातलाच वाटायला लागला.

सप्टेंबरच्या शेवटी रुची, भैयाजी आणि स्वप्निल सर स्पर्धेला गेले. भैयाजींनी त्यासाठी नवा पांढरा शर्ट शिवला. नऊ दिवस संध्याकाळी माझ्यावर फक्त कुत्रं होतं.

ते परत आले त्या संध्याकाळी रुचीची आई रीता स्कूटीवरून तिला न्यायला आली होती. रुची घरी जायला उठेना. माझ्यावर बसून राहिली आणि आईला सगळं पहिल्यापासून सांगत राहिली, म्हणून मलाही कळलं.

सकाळी सातला अधिकृत सराव होता. सहा मुलींचा गट, वीस मिनिटं. रुचीचं संगीत तिसरं लागलं, आणि बाकीच्या पाचही जणींनी तिला वाट दिली. तिला कळेना, एवढ्या जागेचं करायचं काय. उडी नीट बसली. मग मैदानाच्या मधोमध आल्यावर तिने डावा खांदा झुकवला आणि वळसा घेतला. काठावरून स्वप्निल सर ओरडले, तिथे काय आहे? तिथे काही नव्हतं. बर्फ होता, काचेसारखा.

माझा तडा ती तिथवर घेऊन गेली होती. मी तिला दुसरं दिलं तरी काय होतं?

दुपारी कागदांची तपासणी झाली. टेबलामागच्या बाईंनी आधार कार्ड पाहिलं, मग शाळेचा दाखला पाहिला. दोन्हींवर सत्तावीस जून. एक जुलैला तेरा वर्षं आणि चार दिवस. या गटात बसत नाही. वरच्या गटाचा दाखला आहे का? नाही. बाईंनी आवाज चढवला नाही, उलट पाणी विचारलं. स्वप्निल सरांनी खूप विनवण्या केल्या. भैयाजी शेजारी उभे होते. ते नुसते दाखल्यावरची तारीख पाहत होते. दुसऱ्या दिवशी रुचीने गॅलरीत बसून बाकीच्या मुलींचा खेळ पाहिला. स्पर्धेचे बूट तिने मांडीवर ठेवले होते, भाड्याचे असूनही.

सांगून झाल्यावर ती म्हणाली, "फक्त चार दिवस, मम्मी. मी चार दिवस लेट जन्मली असती तं झालं असतं."

भैयाजी खराटा घेऊन उभे होते. झाडण्यासारखं काही नव्हतं, तरी झाडत होते. ते थांबले.

"तू उशिराच जन्मली होतीस, बेटा," ते म्हणाले. "चार दिवस नाई. चार महिने."

रीताने पदर तोंडाला लावला. ती सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, आता काऊन सांगून राहिले?"

पण त्यांनी सांगितलं. रुचीचा जन्म घरीच झाला होता, दवाखान्याची गाडी यायच्या आत. तारीख तीन नोव्हेंबर, धान कापणीला आलेलं. नोंद राहून गेली. शाळेत घालायची वेळ आली, तेव्हा सप्टेंबरअखेर सहा वर्षं पूर्ण हवी होती आणि महिना कमी पडत होता. वर्ष वाया जाईल म्हणून भैयाजींनी शाळेत तारीख सांगितली, सत्तावीस जून. ऑगस्टची सांगितली असती तरी चाललं असतं. सप्टेंबरचीसुद्धा चालली असती. पण आपल्याकडे जन्म मागे न्यायचा म्हटलं की माणूस थेट जूनला जाऊन थांबतो. शाळा उघडते आणि अर्धा वर्ग त्याच आठवड्यात जन्माला येतो. शाळेने भैयाजींचं ऐकलं, आधार कार्डाने शाळेचं ऐकलं, आणि भैयाजींनी पुढे दोघांचं ऐकलं. लेकरू शाळेत बोलून जाईल म्हणून घरातही वाढदिवस जूनमध्येच व्हायला लागला.

फक्त मनातली तारीख बदलायची राहून गेली होती. म्हणून वयाचा नियम आला, तेव्हा त्यांनी बोटांवर नोव्हेंबरपासून मोजलं. खोटं बोलणाऱ्याने निदान स्वतःशी तरी खोटं बोलावं. भैयाजींना तेवढं जमलं नाही.

रुचीने विचारलं, "मंग तिथं त्या मॅडमले काऊन नाई सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? तुझे सगळेच कागद खोटे पडले असते. माझ्या बोलण्याशिवाय पुरावा नाई, आन् माझं बोलणंच तं खोटं निघालं."

"मले तरी सांगायचं होतं."

भैयाजींनी खराटा भिंतीला टेकवला.

ती बराच वेळ माझ्या तड्यातला कोंडा काडीने उकरत बसली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मंग मी आज किती वर्षांची आहो?"

प्रश्न सोपा होता. भैयाजींनी मोजायला बोटं उघडली आणि पुन्हा मिटली.

त्यानंतर ती आली नाही. भैयाजी मात्र येत राहिले. पाच वाजता खराटा मारायचे आणि घड्याळ पुढ्यात ठेवून काठावर बसायचे. वीस मिनिटं झाली की उठायचे, झाडायचे, पुन्हा बसायचे. ज्या वेळी सराव घ्यायला कोणी येत नाही ती वेळ बाद होते, हा नियम त्यांनी माझ्यादेखत पाठ केला होता. आता तो ते रोज तीनदा पाळत होते. तारीख दुरुस्त करता येते का, याची त्यांनी तहसीलपर्यंत चौकशी केल्याचं सावित्रीबाई सांगत होत्या. दुरुस्ती होते म्हणे, शपथपत्र करून, काही महिन्यांत. गावातल्या गावात होईलही. पण स्पर्धेच्या गटात मागे जाऊन बसता येत नाही.

नोव्हेंबरच्या तीन तारखेला, पाचला पाच कमी असताना, रुची आली. बूट आणले नव्हते. चपला घालून ती सरळ माझ्या कोपऱ्यात गेली आणि पायाने कोंडा बाजूला सारला. ११-२-८९. वाकून तिने आकड्यांवरून बोट फिरवलं.

"तुझी तरी खरी हाये," ती म्हणाली.

छत्तीस वर्षांत माझ्याशी थेट बोललेलं हे एकमेव वाक्य.

भैयाजी काठावर होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, शिट्टी तोंडाजवळ नेली आणि वाजवली नाही. रुची मधोमध येऊन बसली, तड्याच्या अलीकडे. पूर्ण वीस मिनिटं ती तशीच बसली आणि भैयाजींनी ती मिनिटं मोजली. मग ती उठली, कपडे झटकले.

"चला आबाजी. मम्मी शिरा करून राहिली हाये. आज खरावाला."

ते तिच्या मागून गेले. खराटा माझ्यावरच राहिला.

आता माझं. दिवाळीत मिलमध्ये धान वाळवायचं यंत्र आलं आणि माझी गरज संपली. माझ्या जागी गोदाम होणार आहे. पुढच्या आठवड्यात मला फोडायला मशीन येतंय. माझी तक्रार नाही. धान मी बरं वाळवलं. बर्फाचं काम मात्र मला जमलं नाही. मला कोणी शिकवलं नव्हतं आणि तडा लपवता येत नव्हता.

एक विनंती आहे. फोडताना तो कोपऱ्यातला तुकडा जमलं तर अख्खा काढा आणि एखाद्या शाळेत नेऊन ठेवा, जिथे जूनमध्ये नावं लिहून घेतात त्या टेबलाशेजारी. बिसराम मिस्त्रीला लिहिता फारसं येत नव्हतं. पण ज्या दिवशी जे झालं, त्याने तीच तारीख टाकली होती.