देव्हाऱ्यातला नादकाटा

"कानात काही घालायचं नाही. कोमट तेल नाही, लसणाची पाकळी नाही, दुसऱ्या कुणाचं औषधही नाही. मी परत येईपर्यंत कान आहे तसाच राहू द्यायचा."

हे शब्द माझ्या पोलादात अजून घुमतात. बोलणाऱ्याचा आवाज फार मऊ होता. त्याच्यावर अविश्वास दाखवणं पाप वाटावं इतका मऊ.

मित्रांनो, मी एक जुना नादकाटा आहे. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही माझं चित्र पाहिलं असेल. दोन लांब पाती आणि खाली धरायला दांडी. गुडघ्यावर हलकेच आपटलं की मी गुणगुणतो. मला एकच सूर येतो, पण तो खरा असतो. अंबाल्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या कारागिराने माझी पाती जराशी घासायची, कानाशी धरायची, पुन्हा जराशी घासायची, असं करत मला सुरात आणलं. जन्मापासून मला एवढंच माहीत की जे वाजायचं ते खरं वाजायचं.

मला विकत घेतलं डॉक्टर गंधार यांनी. ते नगरच्या सावेडीत राहणारे, तेव्हा शिकत होते. पुढे ते कानाचे डॉक्टर झाले आणि मुलांच्या वाहत्या कानांचा अभ्यास करू लागले. कोटाच्या वरच्या खिशात माझी जागा होती. सोनईच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर, शाळांच्या ओसरीवर आम्ही फिरलो. माझी दांडी कपाळाला टेकली की मुलं गुदगुल्या झाल्यासारखी हसायची. "डोक्यात भुंगा शिरला," म्हणायची. डॉक्टर सगळ्यांना सांगायचे, "मोठी यंत्रं मागाहून येतात. पहिलं खरं हा सांगतो." मी मनातल्या मनात फुलून जायचो.

अशाच एका वस्तीवर ज्ञानेश्वरी भेटली. तिसरीतली, दोन वेण्यांची. तिचा उजवा कान वर्षानुवर्षे वाहायचा. वर्गात बाईंचं बोलणं कळावं म्हणून ती मान वळवून, डावा कान पुढे करून बसायची. डॉक्टरांनी मला तिच्या कपाळाच्या मधोमध टेकवलं.

"कुठल्या कानात वाजतंय?"

"हिकडं," म्हणत तिनं उजव्या कानाला बोट लावलं.

तिची आई रेश्मा चकित झाली. "अवो, त्योच तर बिघडलाय."

"म्हणूनच तिकडे वाजतंय," डॉक्टर म्हणाले. "कानाच्या पडद्याला भोक पडलं की असंच होतं. आतली नस शाबूत आहे, हे त्यातून कळतं. पडदा शिवला की पोरीला ऐकू येईल. दिवाळीनंतर आम्ही शस्त्रक्रियेची सोय घेऊन येतो."

मग त्यांनी मुलांना लॅपटॉपवर एक चित्र दाखवलं. चोहीकडे बर्फ आणि त्यात फरची टोपी घातलेला एक गोबरा मुलगा. "हे इनुइट लोक. उत्तर ध्रुवाजवळ राहतात. यांच्या मुलांचेही कान तुमच्यासारखेच वाहतात. त्यांच्यावर पुष्कळ अभ्यास झालाय."

ज्ञानेश्वरीनं विचारलं, "मंग त्याचा कान बरा झाला का?"

डॉक्टर हसले. "पुढच्या वेळी सांगतो."

निघताना त्यांनी ती सूचना दिली, जी मी सुरुवातीलाच तुम्हाला सांगितली. दुसरं औषध का नको, असं रेश्मानं विचारलं तेव्हा म्हणाले, "मधेच औषध झालं तर आमचा अभ्यास बिघडतो, ताई." मित्रांनो, तेल घालू नका हे सांगणं मुलीच्या भल्याचं होतं. औषध घालू नका हे त्यांच्या अभ्यासाच्या भल्याचं होतं. दोन्ही एकाच गोड आवाजात सांगितली गेली, म्हणून त्या माउलीला फरक कळला नाही. मलाही कळला नाही.

आणि मग त्यांनी मला ज्ञानेश्वरीच्या हातात ठेवलं. "हा माझा लाडका काटा. मी परत न्यायला येईन. तोवर दर गुरुवारी कपाळाला लावून बघायचं, कुठल्या कानात वाजतंय ते."

मला भरून आलं. माणूस आपली जपलेली वस्तू मागे ठेवून जातो, म्हणजे तो परत येणारच. असं मी समजलो.

रेश्मा नेमाधर्माची बाई. पहाटे सडा घालून तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घ्यायची नाही. गुरुवारचा उपास, शनिवारचा उपास, कधी चुकला नाही. डॉक्टरांचं सांगणं तिनं तसंच धरलं, संकल्प सोडावा तसं. मला धुऊन-पुसून देव्हाऱ्यात ठेवलं आणि गुरुवारी देवाबरोबर गंधही लावलं.

तिची सासू बनुबाई बघतच राहिली. "देवाला गंध, काट्याला गंध. उद्या चुलीपुढच्या चिमट्याला लावशीला, रेश्मे."

"आत्या, त्यो डाक्टरसायबांचा हाय. जपाया नको?"

"काटा जप. पोरीच्या कानाला वास मारतोय त्याचं काय? तेलात लसूण कडवून दोन थेंब सोडते, बग कसा उतार पडंल."

"न्हाई आत्या. न्हाई सांगितलंय."

रेश्माचा आवाज कधी चढायचा नाही. पण त्या हळू आवाजापुढं बनुबाईची तेलाची वाटी चुलीवरून खाली उतरायची. या बाबतीत रेश्माचं खरं होतं. पण तिचा नवरा कल्याण जेव्हा म्हणाला, "सोनईला दवाखाना हाय, मोटारसायकलवर टाकतो आन दावून आनतो," तेव्हाही तिनं तेच उत्तर दिलं.

"मी हो म्हनलंय त्यांना. दुसरं औषध झालं तर त्ये आपल्या पोरीचं आपरेशन करनार न्हाईत."

"अगं, देवाला बोललेलं बी मानूस फेडाया उशीर करतो."

"म्हनून आपन बी करायचा का?"

वस्तीवरच्या इतर घरांतही वाहत्या कानांची मुलं होती. त्यांच्या आया रेश्माकडे यायच्या, काय करू विचारायच्या. ती सगळ्यांना सांगायची, "थांबा. त्ये येनार हायेत. बगा, काटा ठिवून गेलेत." लोक देव्हाऱ्यात डोकावून मला बघायचे आणि थांबायचे. माझ्याकडे बघून थांबायचे, मित्रांनो.

दिवाळी झाली. तिळगूळ वाटून झाला. होळीच्या गोवऱ्या जळून गेल्या. आशाताई पूजा, म्हणजे गावात आरोग्याचं काम बघणारी बाई, अधूनमधून डॉक्टरांना फोन लावायची. "सर मीटिंगमध्ये आहेत" असं उत्तर यायचं. मी देव्हाऱ्यातून दाराकडे बघत राहायचो. गाडीचा आवाज आला की माझ्या पात्यांत बारीक कंप उठायचा. दुधाचा टेम्पो असायचा.

दर गुरुवारी रेश्मा मला गुडघ्यावर हलकेच आपटायची आणि लेकीच्या कपाळाला लावायची. ज्ञानेश्वरी उजवा कान दाखवायची. नस शाबूत, मी मनाशी म्हणायचो.

उन्हाळ्यातल्या एका गुरुवारी तिनं डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं, आणि डाव्या कानाला बोट लावलं.

रेश्मानं पुन्हा वाजवलं. पुन्हा डावा.

"आत्या," ती म्हणाली, "आवाज चांगल्या कानाकडं आला. रोग उतरला की वो."

बनुबाईनंही हात जोडले. घरात शिरा झाला. देवापुढे नारळ फुटला आणि त्याच्या पाण्याचे दोन थेंब माझ्यावरही शिंपडले गेले. कल्याण लेकीला खांद्यावर घेऊन ओट्यावर नाचला.

मित्रांनो, त्या घरात फक्त मला खरं माहीत होतं. पडद्याला भोक असतं तोवर माझा सूर दुखऱ्या कानाकडे जातो. नस मरू लागली की तो तिकडून पाठ फिरवतो आणि चांगल्या कानाकडे वळतो. आतला पू हाड खात खात नसेपर्यंत पोचला होता. हे मला ओरडून सांगायचं होतं. पण मला एकच सूर. मी त्याच सुरात गुणगुणत राहिलो आणि ती माणसं तो सूर ऐकून आनंदानं जेवत राहिली. मला अर्थ शिकवणारा माणूस अर्थ सांगायला तिथं नव्हता.

पुढं ज्ञानेश्वरी चालता चालता झोकांड्या खाऊ लागली. अंगणात हंडा घेऊन पडली. तेवढ्यात पूजा घरी आली. तिनं कानाजवळ नाक नेलं आणि मागं सरली. "रेश्मावहिनी, हा वास बरा नाही."

"पर ताई, आवाज तर डाव्या कानात येतोय आता."

"मला त्यातलं कळत नाही. पण आज फोन उचलेपर्यंत मी हलत नाही."

तिनं ओट्यावर बसून फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. डॉक्टरांची सहायक अनन्या बोलली.

"अहो ताई, तो प्रकल्प संपलाय. शोधनिबंधही छापून आला. सर कॅनडात आहेत, इनुइट वस्त्यांमधल्या कानांच्या अभ्यासासाठी."

"आणि शस्त्रक्रियेचं?"

"आमचं काम पाहणीचं होतं. पुढचं कुणी करायचं, ते ठरलंच नाही."

"दुसरं औषध घालू नका म्हणाला होतात."

"ते अभ्यासापुरतं होतं. अभ्यास संपला तेव्हाच ते संपलं."

"आम्हाला कुणी सांगितलं?"

पलीकडून हळू आवाजात आलं, "कळवायला हवं होतं."

रेश्मा पुढे झाली. "त्यांचा काटा हाय आमच्याकडं. न्यायला येनार हुते."

"काटा?" अनन्याला आठवावं लागलं. "तो होय. ठेवा तुम्ही. सरांनी केव्हाच काट्यांचा नवा संच घेतला."

मी देव्हाऱ्यात होतो. समईच्या उजेडात माझी पाती चकाकत होती. मला जपलेली वस्तू म्हणून ठेवलं नव्हतं. नसली तरी चालेल अशी वस्तू म्हणून ठेवलं होतं. आणि माझ्या भरवशावर एक अख्खी वस्ती आपल्या मुलांचे कान वाहू देत बसली होती.

पूजानं शेवटी डाव्या कानातल्या आवाजाचं सांगितलं, तेव्हा मात्र अनन्याचा आवाज बदलला. "कधीपासून? ताई, तिला आजच नगरला न्या. उद्या नाही, आज."

नगरच्या दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रिया केली. मी रेश्माच्या पिशवीत होतो. बाई बाहेर आल्या, तोंडावरची पट्टी खाली ओढली आणि म्हणाल्या, "मेंदूकडे जाणारा पू थांबवलाय. मुलगी धोक्याबाहेर आहे. पण या कानाचं ऐकू येणं गेलं. ते आता परत येणार नाही."

"आदी आनली असती तर?"

"तर वाचलं असतं."

रेश्मा भिंतीला टेकली. रडली नाही. जिला नेम मोडणं ठाऊक नाही, तिला नेम पाळल्याची शिक्षा झाली होती.

बाईंनी विचारलं, "वस्तीवर आणखी कुणाचे कान वाहतात?"

"वाहत्यात. समदी थांबल्यात. मीच थांबा म्हनले हुते."

"मग आता त्यांना यायला सांगा."

"सांगत न्हाई," रेश्मा म्हणाली. "मी आनते. एकेकाला हाताला धरून आनते."

घरी आल्यावर तिनं मला देव्हाऱ्यातून बाहेर काढलं. ओल्या फडक्यानं माझ्यावरचं गंध पुसलं. रागानं नाही, सावकाश, पात्यांच्या मधलंही. मग खिडकीतल्या फळीवर सुया-बटणांच्या डब्याशेजारी ठेवून दिलं. तिथं मी अजून आहे. डॉक्टर परत येतील म्हणून आता मी रस्त्याकडे बघत नाही.

मित्रांनो, कान वाहतो म्हणजे लहानपणचं काहीतरी, मोठं झालं की थांबेल, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. त्यात तेल घालू नका, आणि कुणाची वाटही बघत बसू नका. आणखी एक मागणं आहे. तुमच्यातलं कुणी उद्या शिकून मोठं होईल, लोकांच्या दारी जाऊन त्यांचं दुखणं तपासेल. त्यांना "मी येतो" म्हणालात तर या. येणं जमणार नसेल तर तसं कळवा, म्हणजे माणसं आपली वाट शोधायला मोकळी होतील. वाट पाहणारी माणसं भोळी नसतात हो. ती दिलेला शब्द पाळत असतात.

काल गुरुवार होता. रेश्माचा उपास होता. ज्ञानेश्वरी शाळेत गेली. कल्याण शाळेतल्या बाईंना सांगून आला होता, म्हणून तिला आता पुढच्या रांगेत बसवलंय. दुपारी रेश्मा वरच्या वस्तीवर जायला निघाली. तिथं छगनचं घर आहे. त्याच्या धाकटीचे दोन्ही कान वाहतात. ज्ञानेश्वरीचं कळल्यापासून छगन रेश्माच्या घरातल्यांशी बोलत नाही. परवा पाणवठ्यावर सगळ्यांसमोर म्हणाला होता, "तुमच्या काट्याच्या नादानं आमी पोरीला बसवून ठिवलं."

बनुबाई दारात उभी राहिली. "जाऊ नगंस रेश्मे. त्यो तोंडाला येईल ते बोलंल."

"बोलू द्या की, आत्या. त्याची पोर हाय."

"आन न्हाई धाडली तर?"

"मंग उद्या परत जाईन."

तिनं पदर खोचला, चपला घातल्या, उन्हासाठी डोक्यावर पंचा घेतला, आणि वरच्या वस्तीची पायवाट धरली.